आधी घड्याळ बघा
साइट उघडत नसेल तर कॅशे-कुकीज (ब्राउझरने साठवलेला साइट्सचा डेटा) उडवा, असा सल्ला वर कुणीतरी दिलाय. पान अर्धवट उघडत असेल तर तो ठीक. पण प्रत्येक साइटवर 'कनेक्शन खाजगी नाही' असं येत असेल तर त्याने काही होत नाही, वर सगळीकडून लॉगआउट व्हाल ते वेगळंच. आधी कोपऱ्यातली तारीख बघा. साइटच्या सर्टिफिकेटला (साइट खरी असल्याचा डिजिटल दाखला) मुदत असते, म्हणजे सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, आणि ब्राउझर ती मशीनच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ काही वर्षं मागे गेलं की चांगलं सर्टिफिकेटही ब्राउझरला चालत नाही. थंडरबर्डसारखे मेल प्रोग्रामही याच कारणाने सर्व्हरला जोडत नाहीत, आणि लोक उगाच पासवर्ड बदलत बसतात.

जुन्या डेस्कटॉपचा प्लग काढल्यावर तारीख पुन्हा मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) घड्याळ चालू ठेवणारा सेल संपलाय. बहुतेकदा तो सीआर २०३२ असतो, नाण्याएवढा.