मदत हवी आहे: परवानगी काढली तरी दुसऱ्या सर्व्हरवर डेटा दिसतोय

नमस्कार मंडळी. नाशिकच्या एका द्राक्ष उत्पादक गटाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. मुख्य डेटाबेस नाशिकला. पिंपळगाव, दिंडोरी आणि निफाडच्या पॅकहाउसमध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसचा एकेक सर्व्हर, तिथे लॉजिकल रेप्लिकेशनने (मुख्य डेटाबेसमधले बदल आपोआप खाली पाठवण्याची सोय) डेटा जातो. त्यात शेतकऱ्यांची वजनं, दर, बँक खाती, सगळं आलं.

गेल्या आठवड्यात एका सुपरवायझरने काम सोडलं. सकाळी दहालाच मी त्याची परवानगी काढली. दुपारी साडेतीनला दिंडोरीच्या लॉगमध्ये त्याच्याच नावाने दरांचा तक्ता उघडलेला! पोटात गोळा आला. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती आहे ही.

शोधल्यावर दोन गोष्टी सापडल्या. लॉजिकल रेप्लिकेशनमध्ये ओळी जातात, रो लेव्हल सिक्युरिटीच्या पॉलिसी (कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याचे नियम) जात नाहीत. त्या दिंडोरीला कधी लावल्याच नव्हत्या. आता लावल्या.

खरं अडलंय ते दुसऱ्या गोष्टीपाशी: टोकन, म्हणजे लॉगिन केल्यावर मिळणारा डिजिटल पास. ते १२ तास चालतं, आणि खालचे सर्व्हर त्यावरची सही तेवढी तपासतात, नाशिकला विचारत नाहीत. मुदत १० मिनिटांवर आणली तर दिंडोरीचं नेट गेलं की नवं टोकन मिळत नाही आणि वजनकाटा बंद, आणि हंगामात दारात ट्रॅक्टरांची रांग. झांझिबार या गूगलच्या परवानग्या तपासणाऱ्या यंत्रणेवरचा २०१९चा पेपरही वाचला, पण तसलं काही उभारणं आम्हाला झेपणारं नाही.

रद्द टोकनांची यादी खाली ढकलत राहावं, की वजन नोंदवण्याचं टोकन लांब मुदतीचं आणि दर-खाती बघण्याचं अगदी छोटं ठेवावं? माझा कल दुसऱ्याकडे आहे. नेट तुटलेलं असताना हे ज्यांनी प्रत्यक्ष चालवलंय, त्यांनी कृपया सांगा. पुढच्या छाटणीच्या आत बसवायचंय.