खताच्या बादलीत अळ्या झाल्यात, बंद करू का? आणि तुमच्याकडे कुठल्या सवयी टिकल्या?

डोंबिवलीची_वहिनी:
आम्ही चौघं, दुसरा मजला, वन बीएचके. मे महिन्यात उत्साहात सगळं एकदम सुरू केलं, ओल्या कचऱ्याचं खत, बांबूचे ब्रश, लिंबाच्या सालींचं बायोएन्झाइम (साली आंबवून केलेलं साफसफाईचं पाणी), किराणा घरचे डबे नेऊन आणायचा वगैरे वगैरे. आता जुलैत ब्रशना बुरशी आलीये, ऑफिसातून लोकलने येताना डबे कुठे बाळगणार, आणि मेन म्हणजे खताच्या बादलीत करड्या जाड अळ्या वळवळतायत, वासाने गॅलरीत उभं राहवत नाही. सासूबाई काही बोलत नाहीत पण नाकाला पदर लावून कपडे वाळत घालतात, ते जास्त लागतं. उरलेली आमटी पण त्यातच ओतते, ते चुकतंय का?

गच्चीवाला:
आमटीच नडतेय बघा! वास येतो तो पाण्यामुळे, आत हवा जात नाही मग कचरा कुजायच्या ऐवजी सडतो. वाटीभर ओलं टाकलं की वर वाटीभर सुकं पडलंच पाहिजे, थोडं जास्तच. पावसाळ्यात पालापाचोळा मिळत नाही (मी फेब्रुवारी-मार्चमधे गोणी भरून ठेवतो), तर सुताराकडून लाकडाचा भुसा आणा, पण प्लायवुडचा नको, त्यात गोंद असतो. नाहीतर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे फाडून टाका. मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे, पाणी गळता कामा नये. बादलीला भोकं आहेत ना खाली? नसतील तर आधी ते करा, बाकी सगळं नंतर.
अळ्या बहुतेक ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतील, त्या चावत नाहीत, उलट कचरा भराभर संपवतात. तरी किळस येतेच, मलाही यायची. झाकणाखाली जुन्या ओढणीचा तुकडा ताणून बांधा म्हणजे माशी आत अंडी घालणार नाही, आणि दोन-तीन दिवसांनी काठीने ढवळा.

काटकसर_मावशी:
चार गोष्टी एका महिन्यात सुरू केल्यास तर चारही बंद पडणारच गं. आणि जुना प्लास्टिकचा ब्रश चांगला असताना बांबूचा कशाला आणायचा, ती नुसती खरेदी झाली.
माझ्याकडे टिकलेलं म्हणजे दुधाच्या पिशव्या. धुवून, वाळवून भंगारवाल्याला. पण कोपरा पूर्ण कापून वेगळा करायचा नाही, नुसती चीर द्यायची, नाहीतर तो चिमुकला तुकडा मोरीतून गटारात जातो, तो कोण गोळा करणार? दुसरं, पर्समधे घडी केलेली कापडी पिशवी कायम. २०१८ ला प्लास्टिकबंदी आली तरी आमचा भाजीवाला अजून पातळ पिशवी पुढे करतोच, म्हणून आपली आधी काढायची.
बायोएन्झाइमला १ भाग गूळ, ३ भाग साली, १० भाग पाणी आणि ३ महिने दम धरायचा. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा. मी लग्नाला गावी गेले आणि विसरले, बाटली ओट्यावर फुटली, आठवडाभर मुंग्या.

तिरकस:
मी जरा वेगळं बोलतो. सगळ्यांनी गॅलरीत बादली ठेवायचा अट्टहास का? २०१६ च्या घनकचरा नियमांत ५००० चौ. मी. पेक्षा मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा असं होतं. आमच्याकडे दोन वर्षं मीटिंगमधे भांडून खड्डे झाले. भांडायला दम लागतो, पण घरात वास नाही.

डोंबिवलीची_वहिनी:
आमची सोसायटी एवढीशी, १६ फ्लॅट, तिथे खड्डा कुठला. आमटी बंद केली, भोकं पाडली, भुसा आणला. चार दिवसांत वास बराच कमी झालाय, अळ्या आहेत अजून. आणि दुधाच्या पिशव्यांचं वाचून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या मी तर तशीच चीर देते, तूच कोपरे उडवतेस 😅 आज विचारत होत्या हे खत कढीपत्त्याला चालेल का. @गच्चीवाला चालेल ना? अजून पुरतं काळं झालं नाहीये.

गच्चीवाला:
आत्ता नको, अर्धकच्चं घातलं तर मुळं जळतील. बादली भरल्यावर दीड-दोन महिने तशीच राहू द्या, मातीसारखा वास यायला लागला की मूठभर घाला.