पाच हजारांत जुन्या संगणकाला एसएसडी बसवावी, की तो काढूनच टाकावा?

नमस्कार. खानापूर तालुक्यातील आमच्या घरी २०१३ साली असेंबल करून घेतलेला संगणक आहे. इंटेलचा आय-थ्री ३२२० प्रोसेसर, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबीची एकच डीडीआर-३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. बटण दाबल्यापासून वर्डची फाईल उघडेपर्यंत हल्ली बारा-तेरा मिनिटे जातात. बेळगावातील एका दुकानात तो नेला असता, केसचे झाकणही न उघडता, ‘हा भंगारात घाला’ असे सांगण्यात आले. मला ते पटले नाही.

कारण सुरुवातीच्या त्या दहा मिनिटांत टास्क मॅनेजर पाहिला, तर प्रोसेसर पंधरा-वीस टक्क्यांच्या वर जात नाही. डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर अडकलेली असते. डिस्कची प्रकृती तपासणारे क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअरही तिच्यापुढे पिवळा ‘कॉशन’ (सावध) दाखवते. (रॅम काढून तिच्या पट्ट्या खोडरबराने घासणे हा आमच्या दमट पावसाळ्यातला दरवर्षीचा विधी, यंदा त्यानेही फरक पडला नाही.) म्हणून २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसणारी, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि आणखी ४ जीबी रॅम घ्यावी, असा विचार आहे. एच-६१ वर साटाचा, म्हणजे डिस्क जोडण्याच्या मार्गाचा, वेग सेकंदाला ३ गिगाबिटच असल्याने एसएसडी पूर्ण वेगाने धावणार नाही, हे ठाऊक आहे. तरी विखुरलेल्या लहान फायली शोधण्यात हार्ड डिस्कचा जो वेळ जातो, तो वाचेलच.

खरी अडचण सॉफ्टवेअरची आहे. पत्नीच्या स्त्रीशक्ती संघाचे कन्नड अर्ज नुडी या कन्नड टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि आमच्या भजनी मंडळाच्या पत्रिका श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये. दोन्हींतल्या जुन्या फायली युनिकोडमध्ये (सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतात) नसल्यामुळे, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. श्रीलिपीची सीडी तडकलेली असल्याने विंडोज नव्याने टाकण्याची सोय नाही; आहे तीच डिस्क क्लोन करावी, म्हणजे विंडोज आणि सॉफ्टवेअरसह जशीच्या तशी एसएसडीवर उतरवावी लागेल. पण आजारी डिस्कचे क्लोनिंग मध्येच थांबले तर काय करावे? फायलींची प्रत पेनड्राइव्हवर घेतली आहे, परंतु बसवलेले सॉफ्टवेअर त्यात येत नाही.

शिवाय विंडोज १० चा नेहमीचा आधार (मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर नाही. त्यामुळे बँकेच्या कामासाठी आणि ऑनलाइन उतारे काढण्यासाठी त्याच एसएसडीवर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकावी, आणि विंडोज इंटरनेट न जोडता केवळ नुडी-श्रीलिपीपुरते ठेवावे, असे मनात आहे. वापरलेली जागा १२० जीबीच्या आतच असल्याने दोन्ही मावतील, असे वाटते.

अशी मांडणी कोणी रोज वापरत असल्यास कृपया अनुभव सांगावा. तसेच क्लोनिंगसाठी खराब सेक्टर (डिस्कवरचे वाचता न येणारे भाग) वगळून पुढे जाणारे कोणते साधन वापरावे, आणि जुनी डीडीआर-३ रॅम सेकंडहँड घेताना दुकानातच काय तपासून घ्यावे, हेही कळवावे. शनिवारी बेळगावला जाणार आहे. या वेळी दुकान मात्र दुसरे असेल.