नदीकाठच्या विहिरीचं पाणी क्लोरीनशिवाय प्यावं का?

रेतीघाट: नागपूरजवळच्या कन्हान नदीकाठच्या गावांनी नदीत पंप टाकणं सोडावं आणि काठापासून ५० मीटरवर विहीर खोदावी. क्लोरीन लागणारच नाही. उपसा सुरू झाला की विहिरीची पातळी नदीच्या खाली जाते आणि नदीचं पाणी रेतीतून तिकडे झिरपतं. ही चाळणी नव्हे बरं. जीवाणू जेमतेम १ मायक्रॉनचा, रेतीतल्या पोकळ्या त्याच्या कितीतरी पट मोठ्या. नदीतळाच्या गाळाच्या थरात बरेच अडतात, पुढे कणांना चिकटतात, उपाशी मरतात किंवा सूक्ष्मप्राण्यांच्या पोटात जातात. जर्मनीतलं डुसेलडॉर्फ शहर १८७० पासून ऱ्हाइनकाठी हेच करतंय. हरिद्वारलाही गंगेकाठी अशा विहिरी आहेत.

थेंबथेंब: हरिद्वारला विहिरीच्या पाण्यातही क्लोरीन घालतात, ते का गाळलंत? आणि भाऊ, मीटर नका सांगू, दिवस मोजा. पारगम्यता (थरातून पाणी किती सहज जातं ते) रोज २० मीटर, पाणीपातळीचा उतार ०.०२, सच्छिद्रता (थरातल्या पोकळ्यांचा वाटा) ०.२५ धरा. पहिल्या दोघांचा गुणाकार तिसऱ्याने भागला की वेग रोज १.६ मीटर, म्हणजे ५० मीटरला ३१ दिवस. जर्मनीत विहिरीभोवतीचा संरक्षित पट्टा ५० दिवसांच्या प्रवासावर आखतात. त्या हिशेबाने ८० मीटर हवेत. पुरात उतार दुप्पट झाला की ३१ चे १६ होतात. त्यात पूर गाळाचा थर खरवडून नेतो, तेही नदी सगळ्यात घाण असताना!

काळा दगड: दोघंही रेती गृहीत धरताय. नागपूरच्या पश्चिमेला बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ आहे. भेगेतून पाणी तासाभरात विहिरीत, गाळणार काय, कप्पाळ? आणि कन्हानची रेती ट्रकात भरून गेली तर गाळणीच गेली.

रेतीघाट: बेसाल्टचं मान्य. पण जुलाब करणारा परजीवी क्रिप्टोस्पोरिडियम नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही. तो ४ ते ६ मायक्रॉनचा, रेतीत अडतो. अमेरिकेच्या नियमात तो अडवल्याचं श्रेय रेताड थरात ७.६ मीटरला अर्धा लॉग, १५.२ मीटरला एक लॉग (दसपट घट) मिळतं.

थेंबथेंब: एक लॉग म्हणजे ९० टक्के. दहातला एक उरलाच की! शिवाय विषाणू नॅनोमीटरमधले; त्यांना फक्त चिकटणं आणि वेळ, दोनच गोष्टी रोखतात. अर्धा तास क्लोरीन, नळाला ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर उरलंच पाहिजे.

रेतीघाट: बरं, क्लोरीन घाला. पण विहिरीनंतर.

थेंबथेंब: मग पावसाळ्यात रोज नदी आणि विहीर दोन्हींची विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारी) व तापमान मोजा. नदीतला बदल विहिरीत दोन-चार दिवसांत दिसला, तर मधे कुठेतरी आडवाट आहे. ती सापडेपर्यंत उपसा निम्मा करा.