वर्डमधली मराठी व्हॉट्सॅपवर पेस्ट केली की अगम्य चिन्हं येतात – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
सोसायटीच्या गणेशोत्सवाचा अहवाल यंदा माझ्या गळ्यात पडलाय. २००४ पासूनचे जुने अहवाल वर्डच्या फायलींत आहेत, एका डीटीपीवाल्यांकडून करून घेतलेले. वर्डमध्ये मराठी अगदी ठसठशीत दिसते. पण परिच्छेद निवडून कंट्रोल-सी आणि व्हॉट्सॅप वेबवर कंट्रोल-व्ही केलं की नुसती भेळ! डोक्यावर दोन टिंबं असलेला इंग्रजी ओ तर पावलोपावली. राइट क्लिक करून पाहिलं, तेच. मग कट करायला गेले तर मूळ परिच्छेदच गायब. कंट्रोल-झेडने परत आला तेव्हा जीव भांड्यात पडला.
माझं काय चुकतंय? चाळीस पानं पुन्हा टाइप करायची ताकद नाही.

प्रतिसाद १
ताई, कॉपी बरोबरच होतेय. मजकूर निवडून वर फॉन्टच्या चौकटीत काय नाव येतंय ते सांगा.

धागाकर्ती
डीव्हीबी-टीटी सुरेख.

प्रतिसाद १
वाटलंच! सी-डॅकच्या आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा जुना फॉन्ट, युनिकोड (सगळीकडे सारखीच चालणारी अक्षरपद्धत) नसलेला. या फायलीत मराठी अक्षरं साठवलेलीच नाहीत. साठवली आहेत परकी अक्षरं-चिन्हं, आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार दाखवतो. तुमचा टिंबवाला ओ म्हणजे काना. गुणाकाराची फुली दिसते ना? ती पहिली वेलांटी. पेस्ट करताना फॉन्ट मागे राहतो, उघडी चिन्हं तेवढी पुढे जातात.
जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर नेटवर मिळतात. त्यात नेमका हाच फॉन्ट निवडायचा; श्रीलिपी या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा निवडलात तर वेगळीच भेळ. मजकूर तिथे पेस्ट करा, रूपांतर झालेला कॉपी करून नव्या फायलीत घ्या. मूळ फाइलला हात लावू नका, आणि कट तर नकोच.

प्रतिसाद २
वर्गणीदारांचे फोन नंबर असलेली पानं मात्र ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकू नका. तेवढी हाताने टाइप केलेली बरी. आणि वेलांट्या, रफार तपासा. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये नंतर. कन्व्हर्टर तिथेच अडखळतो.

धागाकर्ती
जमलं! पहिली सहा पानं झाली. 'वर्गणी'चा रफार दोनदा भलत्याच अक्षरावर बसला होता, तो हाताने सरळ केला. फोन नंबरांचं पान मुलाच्या गळ्यात घातलंय.