मदत हवी आहे: 'दृश्यम'मधले पाण्याचे प्रसंग नेमके कुठे आणि किती वेळ आहेत?

नमस्कार. नाशिकहून लिहितोय. प्रश्न माझ्या वहिनींसाठी आहे, त्यांना विचारूनच इथे मांडतोय.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये बुडून गेला. तेव्हापासून वहिनी धरणाच्या वाटेवरच्या सोमेश्वरच्या पुढे जात नाहीत. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की घरच्या ग्रुपवर गोदावरीच्या पुरात बुडत जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचे व्हिडिओ सुरू होतात. तेव्हा त्या मोबाइल पालथा ठेवून देतात. पण रहस्यकथा म्हणजे त्यांचा जीव की प्राण, आणि ते सोडायचं नाही हे त्यांनीच ठरवलंय. मला एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, काय येणार ते आधी कळलं ना, की मी बघू शकते."

म्हणून मागच्या महिन्यात एक वेब सिरीज आधी मी एकट्याने पाहिली. प्रेत नाही, कोणी बुडत नाही. "बिनधास्त बघा," म्हटलं. चौथ्या भागात घाटाच्या पायरीवर चपलांचा जोड दिसतो, एक सुलटी, एक पालथी. पाच-सहा सेकंदच. वहिनी उठून गॅलरीत गेल्या, रात्री जेवल्या नाहीत. त्यांच्या भावाचे सँडल असेच काठावर सापडले होते. मला हे माहीत होतं, तरी ते दृश्य माझ्या डोळ्यांना खुपलं नाही. याचं अजून फार वाईट वाटतं.

सेन्सॉरच्या सर्टिफिकेटचा इथे उपयोग नाही. 'यूए'चे (पालकांच्या देखरेखीखाली बघायचे) आता 7+, 13+, 16+ असे भाग झालेत, ओटीटीवर 2021 च्या नियमांपासून वयासोबत हिंसा, शिवीगाळ वगैरेही लिहून येतं. वहिनी 34 वर्षांच्या आहेत, त्यांना यातून काय कळणार? सिनेमांची माहिती देणाऱ्या आयएमडीबी साइटवरचं पॅरेंट्स गाइड चाळतो. 'डझ द डॉग डाय' या साइटवर लोक हो-नाही अशी मतं देतात, कोणी बुडतं का हेही तिथे कळतं. पण घाट, चपला, काठावर जमलेली माणसं यांची नोंद कोण करणार?

आता 'दृश्यम' बघायचाय, हिंदी, अजय देवगणचा. मी 2015 मध्येच पाहिलाय, पण तेव्हा या नजरेनं पाहिला नव्हता. गाडी पाण्यात ढकलतात, पुढे ती सापडते, एवढं आठवतं. परत बघणारच आहे, पण एकट्या माझ्यावर आता भरवसा नाही.

ज्यांच्या घरात असं काही घडलंय, त्यांनी कृपया सांगा. गाडी सापडते तो प्रसंग साधारण कितव्या मिनिटाला येतो, किती चालतो? काठावर रडारड आहे का? पाण्याचा आवाज अंगावर येतो का? आणि धाकट्या मुलीला पोलीस मारतात तेवढा भाग पुढे पळवला तर गोष्ट समजते ना?

कथा फुटली तरी चालेल, वहिनींना मी फक्त मिनिटं सांगेन. रविवारी दुपारी बसायचं ठरलंय.