थ्रॅक्सच्या आधीचा प्रोटॅगोरस

‘ग्रीक व्याकरण डायोनिसियस थ्रॅक्सपासून सुरू झालं’ हे नेहमी ऐकू येणारं विधान मला पटत नाही, आणि त्याची पाणिनीशी केली जाणारी तुलनाही. थ्रॅक्स हा इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातला ग्रीक व्याकरणकार. त्याच्या तीनशे वर्षं आधी ग्रीक विचारवंत प्रोटॅगोरस अथेन्समध्ये नामांची तीन लिंगं वेगळी काढत होता, विनंती, प्रश्न, उत्तर आणि आज्ञा असे बोलण्याचे प्रकार पाडत होता. आणि धीटपणा केवढा! होमरच्या ‘इलियड’ महाकाव्याचा पहिलाच शब्द ‘मेनिन’, म्हणजे क्रोध. ग्रीकमध्ये तो स्त्रीलिंगी. प्रोटॅगोरसच्या मते तो पुल्लिंगीच हवा. शिवाय त्याच सुरुवातीच्या ओळीतली ‘हे देवी, गा’ ही प्रार्थना नसून आज्ञा झाली, असाही त्याचा होमरवर आक्षेप होता. हे दोन्ही अ‍ॅरिस्टॉटलने नोंदवून ठेवलंय, म्हणून आपल्याला कळतं. पुढे विभक्तीचा विचार स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांनी बराच नेटका केला.

थ्रॅक्सचं महत्त्व यामुळे कमी होत नाही, पण त्याच्या नावावरच्या पुस्तिकेतला आठ शब्दजातींचा भाग त्याचाच का, यावर अभ्यासकांत वाद आहे. सुरुवातीची प्रकरणं मात्र बहुतेक जण त्याची मानतात. त्यात व्याकरण म्हणजे कवी आणि गद्यलेखक सहसा जे लिहितात त्याचं अनुभवातून आलेलं ज्ञान, अशी व्याख्या आहे. व्याकरणाची सहा अंगं सांगून त्यातलं सर्वांत सुंदर अंग म्हणून तो काव्याच्या परीक्षणाचं नाव घेतो. म्हणूनच पाणिनीशी त्याची थेट तुलना मला जुळत नाही. पाणिनी धातू-प्रत्ययांपासून शब्द घडवतो, थ्रॅक्सला जुने कवी नीट वाचायचे होते. वाक्यरचनेवर सविस्तर ग्रंथ हवा असेल तर थेट इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या व्याकरणकार अपोलोनियस डिस्कोलसकडे जावं लागतं.